ओळ सात

इलुलाच्या बाहेर, इरिंगाच्या रस्त्याला लागून,
नऊ ओळी, नऊ जाती.
तुलालुम्बा भिंग घेऊन पानांवर वाकते.
भोकं नाही मोजत ती.
भोकांच्या आधीचे पांढुरके बोगदे मोजते,
जिथं अळी हिरवं खाते
आणि पापुद्रा तेवढा मागं ठेवते.

त्या पतंगाला इथं म्हणतात कांतांगाझे:
जा, माझी दवंडी पीट.
पहिल्या वर्षी कुणीच पिटली नाही.
बाजारात पेट्या उघडल्या,
आणि वासानंच ती पिटली.

ओळ एक. नितळ पान, पातळ साल, ट्रकवाल्यांची लाडकी.
एका पानावर एकवीस बोगदे.
ओळ चार. साल चामड्यासारखी,
म्हणून अळी देठाच्या टोपीखालून शिरते,
वरून फळ अगदी सोवळं.
ओळ पाचवर अळी जगते, पण वाढत नाही.
शाळेच्या खानावळीचं जेवण, तुलालुम्बा म्हणते,
पोट भरतं, अंग धरत नाही.

आणि ओळ सात,
पेरू देशाच्या कोरड्या उतारावरून आलेली रानटी.
अंगभर लव, केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब.
पतंग बसतो. एक पाय उचलतो. दुसरा उचलत नाही.
बोगदे: शून्य.
तिनं तीनदा मोजलं.

पण त्याच थेंबांत
टाचणीच्या टोकाहून लहान गांधीलमाश्या,
पतंगाची अंडी हुडकत आलेल्या.
संध्याकाळी म्वाकिबिंगाचा फोन:
"मित्रकीटक किती?"
"अकरा."
"छान!"
"मेलेले," ती म्हणाली, आणि तो जरा वेळ गप्प.

सातचं फळ बोराएवढं, पिकूनही हिरवंच.
तिनं चावलं, थुंकलं,
आणि वहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला: चव.
सातपुढं काही लिहिलं नाही.
लिहिण्यासारखं तोंडातून जात नव्हतं.

हात कोपरापर्यंत काळपट हिरवे,
साबण हरला, राखही हरली.
शेवटी ओळ एकचं एक कच्चं फळ फोडून
तिनं बोटांवर चोळलं,
तसा सातचा डाग
पिवळा होऊन मातीत ओघळला.

एकवीस बोगद्यांच्या त्या झाडाची
उरलेली सहा फळं तिनं ओच्यात घेतली.
घरी सुरीच्या टोकानं किडका भाग गोल कोरला,
कोंबड्यांना टाकला.
मग कांदा चिरायला बसली.