काढून टाकलेलं

पंखा बंद. माइकला तो ऐकू येतो म्हणून.
मरोळ गावठाणातली दहा बाय अकराची खोली,
भिंतीला अंड्यांचे ट्रे नाहीत, त्याने काही होत नाही म्हणे,
गाद्या उभ्या केल्यात, मंडपवाल्याकडून मोडीत घेतलेल्या,
एकीवर अजून कुणाच्या तरी मेंदीचा डाग.

रविवारी चौघं जमतात आणि एकमेकांना
आपापल्या खोड्या दाखवतात.
मी पाचवा. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी,
चष्मा पुसत बसलेला.

केयूरने कुकरची शिट्टी आणली होती फोनमध्ये.
ती ताणली, ताणली, सोळापट ताणली,
वर कुठल्याशा चर्चचा घुमारा चढवला
आणि शिट्टी सारंगीसारखी रडायला लागली.
"ही तूरडाळ," तो म्हणाला.
"चण्याची वेगळी रडते."

नौशीनने सूर सरळ करणारं प्लगइन
मुद्दाम शेवटपर्यंत पिळलं,
आणि त्यात गल्लीतल्या बोंबीलवालीची हाक सोडली.
बाई पायरी पायरीने वर गेली,
मधलं सगळं घसरणं, खरवडणं गळून पडलं,
उरला एक लखलखीत, बिनकाट्याचा बोंबील.
"बाईला ऐकवलंस?"
"ऐकवलं. म्हणाली, माझा घसा कुठे गेला?"

मग ऱ्होडा.
तिच्याकडे माझी कॅसेट होती, अठ्ठ्याण्णव सालची,
एका वरातीआधी बँडच्या गाळ्यात भरलेली.
खरखर काढायला दिली होती.
"आधी ह्याला खरखर शिकवायची," ती म्हणाली,
"दोन सेकंदं, जिथे कुणीच वाजवत नाही तिथली.
मग त्याला कळतं काय फेकायचं."
त्याने फेकलं.
माझी क्लॅरिनेट उभी राहिली, इस्त्रीच्या शर्टासारखी.
मला आवडली. खोटं कशाला बोलू.
त्या वयात मी बरा वाजवायचो.

"आता गंमत," ऱ्होडा म्हणाली.
खाली एक बारकं बटण असतं, कुणी दाबत नाही.
ते दाबलं की राहिलेलं ऐकू येत नाही,
काढून टाकलेलं ऐकू येतं.

तिने दाबलं.

पिंजाऱ्याच्या दुकानासारखी फीत.
गाळ्याचं शटर, वाऱ्याने हलणारं.
ओठाच्या कोपऱ्यातून सुटलेला माझा श्वास,
चाव्यांची टकटक,
आणि त्यामागे, नीट कान दिला तर,
कुणीतरी मांडीवर ठेका धरलाय.
डावा हात जरा उशिरा पडतो.

डावा उशिरा पडायचा तो रघुवीर साटमचा.
साइड ड्रम. पट्ट्याने खांदा सोललेला.
त्या दिवशी मी त्याला ड्रम काढू दिला नव्हता,
मला कॅसेटवर फक्त क्लॅरिनेट हवी होती.
तो समोर बसून राहिला, गप्प,
असं मी सत्तावीस वर्षं समजत होतो.
ती दोन सेकंदं, जिथे कुणीच वाजवत नव्हतं.

केयूर म्हणाला, ह्याचा लूप भारी होईल.
ऱ्होडाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
विमान आलं, खिडकीची काच बडबडली,
सगळे सवयीने थांबले, ते जाईपर्यंत.

"परत लाव."
मिनिटभर मांडी वाजली
आणि मधेच, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं, सगळं गेलं.
मी उठलोच.
"बसा काका. फुकटातलं आहे हे,
चौदा दिवस वापरायला देतात.
दर मिनिटाला तीन सेकंद गप्प होतं,
आपण विकत घ्यावं म्हणून."
"आज कितवा?"
"दहावा."

एक. दोन. तीन.
रघू परत आला, ठेका न चुकता,
डावा हात उशिरा.

नौशीनने विचारलं, पंखा लावू का,
आता कुठे काय रेकॉर्ड करतोय आपण.
मी नको म्हटलं.