तिसरं उत्तर

औलूत दुपारी दोनलाच अंधार.
तानेलीच्या टेबलावर काळा मॉनिटर,
पिन वाकलेली केबल.

ड्रायव्हर विचारतो: कोण तू? रुंदी किती, उंची किती?
पलीकडून चकार शब्द नाही.
पुन्हा विचारतो. मग वेग उतरवतो,
कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं
सावकाश.
तरी नाही.

शेवटी आपणच धरून चालतो
सहाशेचाळीस बाय चारशेऐंशी
आणि चित्र पाठवत राहतो,
बघणारं असो नसो.

तानेली कोड उघडतो.
जोडलेलं. तुटलेलं.
त्याखाली कुणीतरी कधीचं लिहून ठेवलेलं:
माहीत नाही.

काल हेल्वीनं विचारलं होतं, आपलं नक्की काय?
हा कपातल्या कॉफीकडे बघत बसलेला.

कोट चढवतो. केबल तशीच लोंबती.
बर्फात बस येईपर्यंत
ते दोन शब्द
जिभेवर घोळवत राहतो.