विटा

पगार झाला की आम्ही विटा घेतो.
त्याच संध्याकाळी. उद्या नाही.
उद्या तेवढ्याच पेसोंत चार विटा कमी येतील,
रोझारियोत हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.
ओस्वाल्दो पाकीट खिशात घालत नाही,
हातातच धरून झपाझप येतो,
मासळी आणावी तसा,
वास सुटायच्या आत.

मी सुपरमार्केटात भावाच्या चिठ्ठ्या चिकटवते.
सकाळी सात ते तीन.
तेलाच्या फळीवर चिठ्ठीवर चिठ्ठी चढत
पुठ्ठ्याएवढी जाड झाली होती.
एकदा कंटाळून नखानं खरवडली
तर तळाशी निघाला मार्च महिना.
त्या भावात आता बाटलीचं बूचही येणार नाही.
मी ती चिठ्ठी घरी आणली. का, माहीत नाही.

म्हाताऱ्या दोन्या क्लोरिंदा
माझ्या ट्रॉलीशी घोटाळत राहतात,
हळूच विचारतात, "आज कशावर?"
मी ओठ न हलवता म्हणते, "येर्बा."
त्या येर्बाचे दोन पुडे उचलतात
आणि बिस्किटं परत जागेवर ठेवतात,
अगदी सरळ रांगेत,
कुणी हात लावलाच नव्हता अशी.

शेजारचा रुबेन डॉलर घेऊन ठेवायचा,
जुन्या धुलाईयंत्राच्या पोटात.
उंदरांनी त्यातल्या तीन नोटांची घरटी केली.
"उंदीर विटा खात नाहीत," ओस्वाल्दो म्हणाला,
आणि त्या रात्री आम्ही
पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसलो.

मायलेन सहा वर्षांची होती तेव्हाचं ठरलेलं:
मागच्या अंगणात एक खोली काढायची,
दुसरं मूल आलं की हिला.
भोकांच्या लाल विटा, महिन्याला वीस, कधी बारा.
सिमेंट नाही घेतलं.
सिमेंट साठवता येत नाही, त्याचा दगड होतो.
मूलही साठवून ठेवता येत नाही,
पण हे तेव्हा कोण बोलणार?
पुढच्या वर्षी, म्हणालो. दर सरलं की, म्हणालो.
मग डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं माझं वय
पेनानं नुसतं अधोरेखित केलं.
त्यावरून आमचं भांडण झालं नाही.
त्या महिन्यात आम्ही चाळीस विटा घेतल्या.

विटांच्या भोकांत गांधीलमाश्या राहायला आल्या.
आमच्या खोलीत सगळ्यांत आधी त्याच.
मायलेननं त्या ढिगावर खडूनं पाढे लिहिले,
पुढे एका मुलाचं नाव लिहिलं आणि थुंकीनं पुसलं,
पुढे नुसती पाठ टेकून
फोन बघत बसायची.

एका जुलैत, दात वाजवणाऱ्या थंडीत,
तिनं चुलीशी मातेचा पेला माझ्या हातात दिला
आणि म्हणाली, "आई, मालागाला काम आहे.
म्हाताऱ्यांना सांभाळायचं."
म्हाताऱ्यांना! मी ओस्वाल्दोकडे पाहिलं.
तो बाहेर जाऊन विटा मोजत होता.
दोन हजार एकशे सात.
तिकीट डॉलरात असतं.

ट्रक आला तेव्हा तिनं स्वतः हाताशी हात लावला.
एका विटेवर सातचा पाढा होता, अर्धा,
साती पाचे पस्तीसपाशी थांबलेला.
ती वीट मी बाजूला काढली.
गिऱ्हाईक म्हणाला, "बाई, एक कमी भरते."
मी म्हटलं, "एकीचे पैसे कापून घ्या."
त्यानं खरंच कापले.

अंगणात आता एका पलंगाएवढी
पांढुरकी जागा आहे. गवत धरत नाही.
वीट मागच्या दाराला अडसर म्हणून लावते,
वारा सुटला की बरं पडतं.

काल तिचे पहिले युरो आले.
आम्ही दिवा न लावता
बराच वेळ टेबलाशी बसून राहिलो.
मग ओस्वाल्दो बूट काढता काढता म्हणाला,
"उद्या सकाळी जरा लवकर उठू."
कुठं जायचंय, ते मी विचारलं नाही.