आडवा झेड

कुओपिओत दारावर आडनाव लावतात,
टपालाच्या फटीच्या वर, पांढऱ्या प्लास्टिकच्या अक्षरांत.
ह्युत्तिनेनला आठ अक्षरं लागली,
त्यात दोन एन, आणि डब्यात एन एकच.
मी झेड आडवा करून चिकटवला.
चालेल, तो म्हणाला,
नऊ वर्षं नाव लागलंच नव्हतं कुठे,
आता थोडं वाकडं लागलं तर काय.

मी इथे रात्रपाळीला असते. तीन मजले, तेहेतीस खोल्या,
तळाशी वॉशिंग मशीन, सौना आणि माझं टेबल.
दारू सोड, मग किल्ली, असं इथे नाही.
आधी किल्ली. मग सुटायचं ते सुटेल,
नाही सुटलं तरी भाडं वेळेवर,
आणि जिन्यात ओरडायचं नाही.
भाडेकरार राइमोने बोट ठेवून वाचला.
बाहेर काढण्याच्या कारणांपाशी बोट थांबलं.
दोनदा वाचून म्हणाला,
एवढीच?

घर पाहावं बांधून म्हणतात.
याने पाहिलं ते बाहेरून.
रोज रात्री दहाला, उणे अठरातसुद्धा,
टोपी कानांवर ओढून खाली उतरायचा,
रस्ता ओलांडून बसथांब्याच्या काचेआड उभा राहायचा
वर बघत.
दुसरा मजला, डावीकडून चौथी.
दिवा चालू ठेवलेला.

मला वाटलं, बाटली असेल.
मग वाटलं, हा परत चालला,
गोदामामागच्या त्या जाळीकडे, जिथून ऊब येते.
तिसऱ्या रात्री कोट चढवून मागोमाग गेले.
वीज फुकट जाते, राइमो.
थांब जरा, तो म्हणाला.
इथून आजवर दुसऱ्यांच्याच खिडक्या पाहिल्या.
कोण जेवतंय, कोण भांडतंय,
कोणी मला बघून पडदा ओढला.
ती बघ.
तिथलं कोणीतरी अजून घरी यायचंय.

मी गप्प. नाक गारठलेलं.
आम्ही दोघं तसेच उभे, तेवढ्यात बस आली,
आमच्यासाठीच थांबली,
ड्रायव्हरने दार उघडलं.
नको, राइमो म्हणाला. आम्ही इथेच राहतो.

मार्चात अक्षरांचा नवा डबा आला.
एन घेऊन मी वर गेले, नखाने झेड उकरू लागले.
असू दे, आतून आवाज आला,
पोस्टमनला तोच पाठ झालाय.

फटीतून पिझ्झ्याच्या जाहिराती येतात, चष्म्यांच्या दुकानाची पत्रकं,
तो सगळं नीट रचून ठेवतो.
त्याच्या नावाचं असं एकच आलं,
विजेचं बिल.
फ्रिजवर चुंबकाने लावलंय, दारातूनही दिसेल असं.
आकडा मोठा आहे.
मी काही बोलत नाही.