वजन

मिनेगिशीच्या दुकानात, काउंटरवरच्या हिरव्या मखमलीवर
दोन कॅमेरे शेजारी शेजारी,
बघायच्या कार्यक्रमाला आणलेल्या भावांसारखे.
थोरला मिररलेस, लेन्ससकट सातशे ऐंशी ग्रॅम.
धाकटा तळहाताएवढा,
कोटाच्या खिशात रुमालाशेजारी निमूट राहील असा.

"फोटो कशाचे काढायचेत?"
वडिलांचे, मी म्हणाले.
आणि लगेच, का कुणास ठाऊक: समुद्राचे.
"मग पंचाईत आहे," मिनेगिशीनं चष्मा काढला.

पंचाईत अशी, की रात्रीच्या समुद्राला मोठा सेन्सर लागतो.
हाकोदातेच्या क्षितिजावर माकुळांच्या होड्या दिवे लावून उभ्या असतात,
धाकट्याला तो सगळा एकच पांढरा डाग.
थोरला एकेक दिवा मोजून हातात देईल.
पण मोठी लेन्स रोखली की बाबा तोंड फिरवतात.
लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा कान तेवढा नीट आलाय.
धाकटा त्यांना सिगारेटचं पाकीट वाटेल,
आणि पाकिटाकडे ते आयुष्यभर प्रेमानंच बघत आलेत.

"सोमवारपर्यंत दोन्ही ने," मिनेगिशी म्हणाला.
"पावती राहू दे. तुझ्या बाबांनी फुकट दिलेली माकुळं
मी अजून फेडतोय."

ट्राममध्ये थोरल्याचा पट्टा मानेला काचत होता.
धाकटा हरवलाच, म्हणून जुजिगाईच्या थांब्यावर
मी सगळ्या पिशव्या बर्फात उपसल्या,
आणि तो खिशातच होता.

बाबा कोतात्सूत पाय घालून सुमो बघत होते.
मिररलेस म्हणजे काय गं?
ह्यात आरसा नसतो, बाबा.
मग दाढी कशी करतो, म्हणाले,
आणि आपल्याच विनोदावर खोकून खोकून हसले.

मग त्यांनी धाकटा उचलला.
वसंतापासून त्यांचे हात थरथरतात.
चहा मी अर्धाच कप ओतते,
त्याबद्दल आम्ही दोघं काही बोलत नाही.
त्या हातांत तो कॅमेरा डेकवर नुकत्याच पडलेल्या
माकुळासारखा तडफडला.
त्यांनी तो खाली ठेवला, उताणा,
आणि बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर जाहिरात होती.

कुस्ती पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी थोरला घेतला.
डावा तळवा खाली, कोपर बरगडीला टेकवून,
बेचाळीस वर्षं गळाची दोरी ओढताना टेकवायचे तसं.
वजनानं थरथर खाली ओढली,
नांगर होडीला ओढून धरतो तशी.
हात थांबले.
पूर्ण नाही. पण थांबले म्हणावं इतके.

मी दुकानात उभी राहून
कुणाचा फोटो, कुणाचा फोटो, हेच घोकत होते.
काढणार कोण, हे मिनेगिशीनं विचारलं नाही,
मलाही सुचलं नाही.

"हलू नकोस," बाबा म्हणाले. मला!
माझ्या अंगावर कारखान्यातला एप्रन,
केसांत माशाचा वास, हातात भाताचा पळा.
मी तोंड फिरवलं.
रक्तातच असणार ते.

सोमवारी धाकटा परत केला.
थोरल्याचे चौदा हप्ते ठरले, पहिला पगाराच्या दिवशी.
मिनेगिशीनं पडद्यावर तो फोटो पाहिला:
अर्धा फ्रीज, माझा एक कान, धूसर,
आणि मागे भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर,
अक्षर न् अक्षर लख्ख.

"फोकस चुकलाय," तो म्हणाला. "कॅलेंडरवर गेलाय."

मी पुन्हा पाहिलं.
महिन्याखाली बारीक छापलेल्या असतात
भरती-ओहोटीच्या वेळा.

"नाही चुकलेला," मी म्हणाले,
आणि लेन्सचं टोपण कोटाच्या खिशात टाकलं.
ते बाबा हमखास हरवतील.