गुरुवारी बंद

नाव पाटीवरून आलं.
स्लायगोत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
मॅकगोल्ड्रिक खाटकाचं दुकान,
दारावर खडूने लिहिलेलं: गुरुवारी बंद.
खाली सुरा बंद, म्हणून वर माडीवर ड्रम चालू.
बाकी काही अर्थ नव्हता.
पुढे लंडनच्या एका पत्रकाराने त्यात
अख्ख्या बेटाचं दुःख शोधून काढलं,
तेव्हा ओर्ला हसता हसता खुर्चीवरून पडली.

मी वाजवायचो नाही. व्हॅन चालवायचो.
बेकरीची जुनी व्हॅन,
अँप्लिफायरला शेवटपर्यंत पावाचा वास.
होलीहेडच्या बोटीवर रात्रभर
फियाक्रा ओकायचा, लॉर्कन एकटाच पत्ते मांडायचा,
आणि डर्व्हला डेकवर, कठड्याला पाठ लावून
ओल्या कोटाचं ते गाणं पुटपुटायची
ज्याचं शेवटचं कडवं लंगडं होतं.
एक शब्द मी सुचवला. एकच.
रेकॉर्डवर माझं नाव नाही. नसू दे.

एकोणचाळिसावा नंबर.
एक आठवडा. पुढच्या आठवड्यात शोधूनही नाही.
टीव्हीवाल्यांनी नुसते ओठ हलवायला सांगितले,
ड्रमवर रबर पसरलं.
आवाज न होणारा ड्रम जिवाच्या आकांताने बडवणारा फियाक्रा
मी छोट्या पडद्यावर पाहिला,
काचेपलीकडून कुणाला तरी
हाका मारणाऱ्या माणसासारखा.

दुसरा अल्बम कंपनीने बसून ऐकला.
म्हणाले, छान आहे.
त्या 'छान'वरूनच आम्ही समजलो.
परतताना पेट्रोलला पैसे नव्हते,
क्रूजवळच्या ढाब्यावर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या त्या कॅफेत,
लॉर्कनने गिटार विकली.
घेणारा म्हणाला, पोरगी शिकतेय.
लॉर्कनने तिच्यासाठी तारा सुरात लावून दिल्या,
त्यात पाऊण तास गेला, बोट चुकली.

भांडण झालंच नाही. लोकांना ते पटत नाही.
फियाक्रा लीट्रिममध्ये मोटार शिकवतो,
शिकाऊ घाबरला की डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरतो.
ओर्ला मयतीला ऑर्गन वाजवते, दर ठरलेला.
लॉर्कनचा डावा कान गेला.
डर्व्हलाचं मला विचारू नका.
खाटकाकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
आठवड्याचे सातही दिवस.

सव्वीस वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात,
चर्चच्या हॉलमध्ये एकशे चाळीस माणसं.
निम्मी तर तेव्हा जन्मलीही नव्हती.
मी बाहेर होतो. व्हॅन चुकीच्या जागी लावली होती,
पोलीस वही काढून उभा.
आत कोटाचं गाणं शेवटच्या कडव्यावर आलं
आणि डर्व्हला थांबली.
भिंतीतून तो शब्द आला,
एकशे चाळीस गळ्यांचा,
थोडा बेसूर.

पोलिसाने मान वळवली. विचारलं, कोण आहे आत?
म्हटलं, खाटकाच्या माडीवरची पोरं.
आणि हो, हलवतो गाडी,
एवढं संपू दे.