त्रेसष्टावं डोकं

ग्डिनियात पहाटे पाचला समुद्र काळाच असतो.
बोग्ना केटल लावते,
पडद्यावर राखाडी गोळा उघडते.
आज त्रेसष्टावा.

आधी कवटी. मग गालाचं हाड,
मग कानामागून छातीकडे तिरका उतरणारा तो स्नायू
ज्याचं लांबलचक नाव ती आता न अडखळता घेते.
पापणी म्हणजे रेघ नव्हे,
डोळ्याच्या गोळ्यावर ओढलेलं जाड कातडं,
एवढं कळायला अठरा डोकी खर्ची पडली.

डोकं रोज खालच्या मजल्यावरच्या झेनॉनचंच.
सायकली दुरुस्त करतो, पूर्वी गोदीत वेल्डर होता.
पण कुठूनही सुरुवात करा,
हनुवटीपाशी माशी शिंकते:
तिथे बोग्नाच उगवते.
तिचाच जबडा, तिचाच आखडलेला वरचा ओठ.
एकतिसाव्या दिवशी तर
झेनॉनच्या मिशीखालून तिची मावशी बघत होती.

काल ट्यूब बदलायला गेली तेव्हा
तो म्हणाला, "एवढं काय आहे माझ्या कानात?"
ती लाजली. पण बघून घेतलं:
डावा कान बोटभर खाली,
नाक कधीतरी मोडून बसवलेलं,
आणि ऐकताना एकच भुवई हलते.

आज तिनं ती आरशाची कळ बंद केली,
इकडचं तिकडे आपोआप उमटवणारी.
डावी बाजू एकटी पडली.
सातपर्यंत नाक बिघडलं,
कपाळ पावासारखं फुगलं.
कान मात्र
त्याचा होता.

सेव्ह केलं.
खाली शटर वर गेल्याचा आवाज आला.